मला खनिज समजून नेलं तर

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला समुद्रप्रवासावरचा लेख दोनदा वाचला. 'विमान सोडा, बोट धरा, पृथ्वी वाचवा' असा त्याचा सूर आहे आणि शेजारी मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या एका पांढऱ्याशुभ्र क्रूझचा मोठा फोटो. फोटोत बोटीचं धुराडं तेवढं कापलं गेलं आहे. जागेअभावी असेल.

मी गोव्यात वास्कोला, सड्यावर राहतो. आमच्या गॅलरीतून बंदर दिसतं, आणि तो न छापलेला भाग हंगामात आठवड्यातून एक-दोनदा तरी मला बघावा लागतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर काय काय बसतं तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

वय ७१. १९७६ साली माझी नली निघाली (म्हणजे खलाशाची नोंदवही, सीडीसी; आम्ही तारवटी तिला नलीच म्हणायचो) आणि २०१३ पर्यंत मी बोटींवर होतो. सगळा काळ खाली, इंजिनरूममध्ये. आधी वायपर, मग तेलवाला, शेवटी मोटरमन. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. हवामानशास्त्रातलं मला कळत नाही, पण कुठल्या प्रवासाला किती तेल जळतं हे सदतीस वर्षं मी स्वतःच्या हाताने मोजलं आहे. तेवढ्यापुरतंच बोलतो.

बोटीचं काळं तेल लेखकाने कधी हातात घेतलेलं नसावं. रिफायनरीत पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून झाल्यावर तळाला जे उरतं ते हे. गार असताना डबा उपडा केला तरी खाली पडायला तयार नसतं. आधी टाकीतच वाफेने कोमट करायचं, तेव्हा कुठे ते पंपाला ओढवतं. मग प्युरिफायरमध्ये गरगर फिरवून त्यातलं पाणी आणि गाळ काढायचा, आणि इंजिनात फवारण्याआधी एकशेतीस अंशांच्या आसपास तापवायचं. प्युरिफायर उघडून त्यातल्या तबकड्या एकेक करून घासणं हे माझं काम. तो गाळ नखांत बसला की साबण, रॉकेल, लिंबू, कशालाही दाद देत नाही. एकदा ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरी पोचलो आणि हौसेने नेवऱ्या करायला बसलो, तर बायकोने माझे हात बघून मला पाटावरून उठवलं. तेल हा माझा विषय आहे तो असा.

१ जानेवारी २०२० पासून जगभर या तेलातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. ते चांगलंच झालं. (काही बोटी अजूनही जुनंच तेल जाळतात, धूर समुद्राच्या पाण्याने धुतात आणि ते पाणी पुन्हा समुद्रात सोडतात. नियमात बसतं म्हणे.) पण गंधक कमी झालं म्हणून कार्बन कमी होत नाही. एक किलो तेल जळलं की तीन किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड, मग ते बोटीत जळो की विमानात.

आता हिशोब. माझ्या पहिल्या बोटीवर आम्ही मुरगावहून लोहखनिज भरून जपानला जायचो. साधारण साठ हजार टन माल, चौदा नॉटचा वेग, दिवसाला पस्तीस टन तेल, सोळा दिवस. म्हणजे ५६० टन तेल. ऐकायला भयंकर वाटतं. पण साठ हजारांनी भागा. टनामागे साडेनऊ किलोसुद्धा येत नाही. मी आणि माझी पेटी मिळून शंभर किलो धरा. मला खनिज समजून वास्कोहून जपानला नेलं तर माझ्या वाट्याला एक लिटरभर तेल येतं. बोट परत येताना रिकामी येते, ते जमेस धरून दोन लिटर म्हणा. विमानात तेवढ्याच अंतराला माणसामागे दोनशे लिटरच्या आसपास जातं.

लेखकाने बहुधा असलाच काही आकडा कुठेतरी वाचला आणि बोट म्हणजे हिरवा प्रवास असा निष्कर्ष काढला. पण माणूस खनिज नसतो. खनिजाला खोली लागत नाही, एसी लागत नाही, तीनदा जेवण लागत नाही. बोटीवर त्याच्या वाट्याची लाइफबोट टांगावी लागत नाही. वाटेत नाचायचं आहे असं खनिज म्हणत नाही.

क्रूझवर मी दोन करार काढले, शेवटच्या वर्षांत, पगार बरा होता म्हणून. कंपनीचं नाव घेत नाही. खाली पाच मोठे डिझेल जनरेटर. त्यांच्यावरच बोट ढकलणारे पंखे फिरतात आणि त्यांच्यावरच वरचं अख्खं शहर चालतं: पोहायचे तलाव, लिफ्ट, धोबीखाना, बर्फाची यंत्रं, समुद्राचं पाणी गोडं करणारे प्लँट. दोन्ही करारांत मिळून एकदाही सगळे जनरेटर बंद झालेले मी पाहिले नाहीत. बंदरात दोरखंड बांधून उभी असताना, प्रवासी उतरून मासळीची थाळी खायला गेलेले असताना, अर्ध्या रिकाम्या खोल्या गार ठेवायला खाली तेल जळतच असायचं. विमानात सगळं मिळून प्रवाशामागे टनभर वजन उचललं जातं. क्रूझवर माणसामागे कित्येक टन पोलाद, काच आणि संगमरवर ढकलत न्यावा लागतो. म्हणून माणसामागे दर किलोमीटरला क्रूझ विमानापेक्षा जास्तच जाळते. शिवाय ती बहुतेक वेळा कुठे पोचवतही नाही, जिथून निघते तिथेच परत आणून सोडते.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं खरं कारण माझी नात आहे. ती लिस्बनला शिकते. गेल्या नाताळात फोनवर म्हणाली, "आजो, हांव आतां विमानान येवचें ना. बोटीन येतां." तिच्या वर्गातल्या काही मुलांनी विमान सोडलं आहे म्हणे. मी म्हटलं, बाय, तुझ्या लिस्बनहून इथे यायची एक वाट होतीच की! पोर्तुगीज गलबतं मार्च-एप्रिलमध्ये तिथून सुटायची आणि नुसत्या वाऱ्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरला मांडवीत शिरायची. तेल एक थेंब नाही. मार्चमध्ये निघालीस तर चतुर्थीच्या आगेमागे पोचशील. स्कर्वीने दात पडले नाहीत तर नेवऱ्याही खाशील. ती हसली, पण विषय तिने सोडला नाही, म्हणून मग मलाही चौकशी करणं भाग पडलं.

जी माहिती मिळाली ती वाचकांच्याही उपयोगी पडेल. मालवाहू बोटीवर प्रवासी म्हणून जाता येतं, पण जास्तीत जास्त बारा जणांना. तेरावा माणूस चढला की आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती प्रवासी बोट ठरते आणि सगळे कायदे बदलतात. या बोटींवर डॉक्टर नसतो, म्हणून आधी तुमच्याकडून डॉक्टरचा दाखला आणि विमा मागतात, आणि बहुतेक कंपन्या ऐंशीच्या पुढच्या माणसाला घेत नाहीत. भाडं कोविडच्या आधी दिवसाला शंभर युरोच्या आसपास पडायचं, जेवण धरून. जेवण म्हणजे भंडारी (बोटीवरचा स्वयंपाकी) खलाशांसाठी रांधेल तेच. २०२० साली सगळ्यांनी प्रवासी घेणं बंद केलं आणि बऱ्याच कंपन्यांनी ते पुन्हा सुरू केलंच नाही. मी मुंबईतल्या एका एजंटाला फोन केला, तर तो पोरगा म्हणाला, "काका, खलाशी म्हणून जायचंय की माल म्हणून?" त्याला मी माझा लिटरभर तेलाचा हिशोब ऐकवला असता, पण त्याने फोन ठेवला.

मालाची बोट तशीही जाणारच असते, असं मी घरी म्हटलं. "विमानसुद्धा जाणारच असतं की, मग माझ्या एकट्याच्या बसण्याने काय फरक पडतो?" हा प्रश्न जावयाने लगेच टाकला. फरक आहे. विमान माणसांसाठी सुटतं, तिकिटं खपली नाहीत तर पुढच्या हंगामात ती फेरी रद्द होते. कंटेनरची बोट कंटेनरसाठी सुटते. वर रिकाम्या असलेल्या दोन केबिनमध्ये कोणी झोपलं काय नि न झोपलं काय, खाली माझ्या तेलाच्या मीटरवर ते दिसत नाही.

अडचण वेळेची. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि पुष्कळ बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. त्या वाटेने न्हावाशेवाहून युरोपला जायला महिना पुरत नाही. नातीला सुट्टी तीन आठवड्यांची. ती बोटीने निघाली तर अर्ध्या वाटेवरच तिला परत फिरावं लागेल.

वेगाची एक गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते, बाहेर कोणी बोलत नाही. बोटीला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. माझ्या त्या पहिल्या बोटीचा वेग चौदावरून अकरा नॉटवर आणला की पस्तीस टनांचे सतरा-अठरा टन व्हायचे. दिवसाचं तेल निम्मं! प्रवास चार-पाच दिवसांनी लांबतो, तरी एकूण खर्च जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी. कुठलंही नवं यंत्र नाही, हिरवं इंधन नाही, चीफ इंजिनिअरने फक्त लिव्हर मागे घ्यायचा. २००८च्या मंदीनंतर तेल महागलं तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी हेच केलं, पृथ्वीसाठी नव्हे, पैशासाठी. पृथ्वीला त्याचं काही वाटलं नसेल.

आणि मग शिडं. इथे मात्र माझा जीव रमला, कारण आयुष्यभर शिडाच्या बोटी मी फक्त पोर्टहोलमधून बघितल्या. फ्रान्समधल्या एका कंपनीची 'आनेमोस' ही शिडाची मालवाहू बोट २०२४ साली ल हाव्रहून न्यूयॉर्कला गेली, आणि मालासोबत बारा प्रवासी नेण्याची सोयही तिच्यावर आहे. त्याच देशाची 'निओलायनर ओरिजिन', १३६ मीटर लांब, २०२५च्या ऑक्टोबरात अटलांटिक ओलांडून गेली. हॉलंडची 'त्रेस ओंब्रेस' तर बिनइंजिनाची, २००९ पासून कॅरिबियनमधून रम आणि कोको आणते. तिच्यावर जायचं तर पैसे भरून वर दोरखंडही ओढावे लागतात. हवामानासाठी आंदोलन करणारी ग्रेटा थुनबर्ग ही मुलगी २०१९ साली शर्यतीच्या शिडाच्या होडीतून पंधरा दिवसांत न्यूयॉर्कला पोचली, तेव्हा ती होडी परत आणायला माणसं विमानाने गेली म्हणून लोकांनी तिला टोमणे मारले. टोमणा खोटा नव्हता. पण परतीला ती एका कुटुंबाच्या शिडाच्या होडीतून आली आणि लिस्बनलाच उतरली, हे फारसं कोणी सांगत नाही. नातीने सांगितलं म्हणून मला कळलं.

मला सगळ्यात आवडली ती 'सी झोउशान' नावाची खनिजाची अवाढव्य बोट. सव्वातीन लाख टनांची. २०२१ पासून तिच्या डेकवर पाच उभे गोल खांब आहेत, चोवीस मीटर उंचीचे, आणि ते स्वतःभोवती फिरतात. फिरकी दिलेला चेंडू हवेत जसा वळतो, तसाच वारा या फिरत्या खांबाला एका बाजूला ओढतो आणि बोट पुढे जाते. ही युक्ती जर्मनीत १९२४ सालीच करून पाहिली होती. आठ टक्क्यांपर्यंत तेल वाचेल असा अंदाज होता. आठ टक्के म्हणजे काही नाही असं वाटेल, पण पस्तीस टनांवर ते जवळपास तीन टन होतात, रोजचे. तीन टन तेल प्युरिफायरमधून काढायला काय लागतं ते मला विचारा. मुरगावहून खनिज न्यायला येणाऱ्या बोटींवर असे खांब मी अजून पाहिलेले नाहीत. दुर्बीण घेऊन वाट बघतो आहे.

आता गोव्याविषयी, कारण लेखकाने 'गोव्याने क्रूझचं हिरवं केंद्र व्हावं' असं लिहिलं आहे. दुसऱ्या देशांकडे बघायची गरजच काय? ज्या 'म्हादेई'तून नौदलाचे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये १५१ दिवस कुठेही न थांबता एकटे पृथ्वीला फिरून आले, ती होडी दिवाडी बेटावर बांधली गेली. २०१७ साली सहा महिला नौदल अधिकारी जिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी गोव्यालाच परत आल्या, ती 'तारिणी'ही तिथलीच. आणि काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून केलेली, एकही खिळा नसलेली 'कौंडिण्य' गोव्यातच बांधली गेली, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला जायला निघाली. बिनइंजिनाची. महासागर ओलांडणारी होडी बांधणारे हात जुन्या गोव्याच्या समोर, फेरीबोटीच्या पलीकडे आहेत. त्यांना आपण विचारलं का कधी?

अरबी समुद्राला तर वेळापत्रकच आहे, छापायचीही गरज नाही. हिवाळ्यात ईशान्येचा वारा आफ्रिकेकडे नेतो, मग वारा उलटतो आणि पाऊस लागायच्या आत परत आणून सोडतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी वर ओढून ठेवायची. इथून मोंबासा अडीच हजार सागरी मैलांच्या आत आहे. पाच नॉटने गेलं तरी वीस दिवस. आणि माल? आपल्या काजू कारखान्यांत फोडायला येणारा कच्चा काजू बराचसा आफ्रिकेतून येतो. टांझानियात तो ऑक्टोबर ते जानेवारीत हाती येतो, म्हणजे वारा उलटायच्या वेळेला पोत्यांत भरून तयार. काजूच्या पोत्याला घाई नसते. एका मध्यम शिडाच्या बोटीत थोडा माल आणि बारा माणसं, जाताना आमसुलं आणि मसाला, येताना काजू. तोट्यात जाईल असं जावई म्हणतो. जाईलही. पण क्रूझच्या जाहिरातींवर जेवढा पैसा जातो, तेवढ्यात एकदा करून बघण्यासारखं आहे.

तोवर निदान एवढं तरी व्हावं. बंदरात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक क्रूझला किनाऱ्यावरून वीज द्यावी आणि ती घेण्याची सक्ती करावी, म्हणजे जनरेटर बंद होतील. जगात पुष्कळ बंदरांत हे चालतं. तोपर्यंत 'हिरवा' हा शब्द जाहिरातीत वापरू नये, ही माझी क्रूझची जाहिरात करणाऱ्या खात्याला विनंती.

नातीला मी काय सांगितलं तेही लिहितो. आमच्या वडिलांचे काका मोंबासाला रेल्वेत कारकून होते. ते दर वर्षी येत नसत. चार वर्षांनी एकदा आगबोटीने येत आणि सहा महिने राहत. आमच्याकडे अजून त्यांची पत्र्याची पेटी आहे. त्या सहा महिन्यांत ते छप्पर शाकारून घेत, एखादं लग्न जमवत, कज्जा असला तर मिटवत आणि जाताना लोणच्याच्या बरण्या गोणपाटात शिवून नेत. नातीच्या एका येण्याजाण्याला माणसी पाचशे लिटर तेल जातं, आमच्या इंजिनरूममधली दोनशे लिटरची अडीच पिंपं. ती दर वर्षी पंधरा दिवसांसाठी येते, त्यातले चार दिवस झोपेत आणि चार दिवस पणजीत मैत्रिणींबरोबर. मी म्हटलं, विमानानेच ये, पण तीन वर्षांतून एकदा ये आणि चार महिने रहा. साडेसात पिंपांची अडीच होतील. तिने विचार करून सांगते म्हटलं. तिच्या आजीला मात्र हा हिशोब मुळीच पसंत नाही, आणि गेले आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

पत्र लांबलं आहे. कापायचं असेल तर प्युरिफायरचा भाग कापा, खनिजाचा हिशोब ठेवा.

आपला,
एक निवृत्त तेलवाला, सडा, वास्को
(नाव व पत्ता कार्यालयात दिला आहे)

ता. क. : लेखात क्रूझचा वेग दोन ठिकाणी 'ताशी २० नॉट' असा छापला आहे. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल. त्यामुळे 'ताशी' तिथे नको. आमचा सेकंड इंजिनिअर लॉगबुकात हे लिहिणाऱ्याला पूर्ण पान पुन्हा लिहायला लावायचा.